पॉझिटिव्ह अर्थ

सोमवार, ३ मार्च
निर्णय झाला. सासऱ्यांच्या जुन्या गाडीतले पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणार. पॉइंट म्हणजे ठिणगीची वेळ सांभाळणारी इवलीशी जोडी. सतत घासा, फट जुळवा, तरी गाडी रुसतेच. गाडी देताना सासऱ्यांनी अट घातली होती, चालू ठेवाल तर तुमची, नाहीतर साडूंची. साडू दर भेटीत बॉनेटवरून हात फिरवतात. रविवारी सासरे फेरी मारायला येताहेत. साडूंचा मत्सर वाटतो का, हे स्वतःला विचारलं. नाही. थोडा.

बुधवार, ५ मार्च
किट आलं. दोनच वायरी, लाल आणि काळी. बायको म्हणाली, आधी कुणाला तरी विचार. मी म्हणालो, बी.एस्सी.ला फिजिक्स होतं. ती म्हणाली, म्हणूनच सांगतेय.

गुरुवार, ६ मार्च
न सांगता इंजिनात हात घालणं मनाला पटेना. सासऱ्यांना फोन केला. म्हणाले, जावईबापू, करा काय ते, पण अर्थ पॉझिटिव्ह आहे एवढं विसरू नका. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्याशी असं मनातलं बोलले. मी म्हणालो, खरंय, शेवटी दृष्टिकोनच महत्त्वाचा. त्यांनी घाईघाईने फोन सासूबाईंकडे दिला. वयानुसार माणूस हळवा होतो.

शुक्रवार, ७ मार्च
पॉइंट काढले. परत मागे वळायचा मोह नको म्हणून भंगारात देऊन टाकले.

शनिवार, दुपारी
लाल वायर किल्लीकडून येणाऱ्या तारेला, ती प्लसच असणार, काळी बॉडीला. अगदी नियमाने. किल्ली फिरवली. किटमधून बारीक धूर. नव्या वस्तूला सुरुवातीला वास येतोच.

शनिवार, संध्याकाळी
अजून येतोय. गाडी सुरू नाही. बायको म्हणाली, साडूंना बोलावू का. मी म्हणालो, गरज नाही. तिने आधीच बोलावलं होतं.

रविवार, ९ मार्च
सासऱ्यांनी बॉनेट उघडून वायरी पाहिल्या. या गाडीत बॉडीच प्लसला जोडलेली असते, वायरी उलट्या लागून किट जळलं म्हणाले, फोनवर तेच सांगितलं होतं. म्हणजे अर्थ म्हणजे अर्थिंग. वाक्यात संदिग्धता होती, असं मी नम्रपणे निदर्शनास आणलं. बायकोला खोकला आला.

सासऱ्यांनी किल्ली साडूंच्या हातावर ठेवली. साडू म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका, कधीही या, चालवा. मग त्यांनी आपल्या गाडीला दोर बांधला. मागच्या गाडीचं स्टिअरिंग धरायला कुणीतरी हवं होतं. मी बसलो. सगळी वळणं नीट घेतली, कुठे धक्का बसू दिला नाही. त्यांच्या दारापर्यंत गाडी मीच नेली.