मोरपंखी ब्लाउज

ममता,

हे पहिल्या पाळीला खाणीवर गेले. मी सातच्या बसनं वणीला चालले. दवाखान्यात नाही, तेव्हा घाबरून यांना फोन लावू नको. तू आणि ओम एकाच चादरीत झोपलेले दिसलात, म्हणून उठवलं नाही. त्याला दुधात पोळी कुस्करून दे, साखर कमी.

डाव्या हातानं ओझं उचलायला मला मनाई आहे. चार महिने तो तुझ्याच कडेवर आहे, हे मी विसरले नाही. पण काल त्यानं तुला ‘याडी’ म्हणून हाक मारली आणि तू हसून ओ दिलीस. त्याची आई मी आहे; त्याला मावशी म्हणायला शिकव.

तुझे कपडे वाळले नव्हते म्हणून माझं मोरपंखी ब्लाउज घातलंस. दोन्हीकडून नीट बसलं तुला. हे लगेच म्हणाले, "ममता, हा कलर खुलून राह्यला तुह्यावर!" मी तिथंच भाजी निवडत होते. ऑपरेशननं माझी डावी बाजू लहान झाली, रेडिएशननं काळवंडली. तेव्हापासून माझ्या कपड्यांबद्दल यांनी चकार शब्द काढला नाही.

तुझ्यावर राग नाही. खोटं कायले लिहू, थोडा आहे. रविवारी ढाणकीला जा, आपली याडी वाट पाहून राह्यली.

ब्लाउज कपाटात शोधू नको. डावी बाजू आत घ्यायला टेलरकडे नेलं आहे. उरलेलं कापड कापूनच टाकायला सांगते. मग ते फक्त मलाच होईल.

पुष्पाताई