खिळ्यावरचा सूर्यास्त

३ मार्च, सोमवार

नापास! परत नापास!

तलावावरचा सूर्यास्त छापून सासऱ्यांपुढे, म्हणजे अण्णांपुढे ठेवला. स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवरचा खिळा आठ महिने रिकामा आहे. अण्णांनी काढलेल्या जुन्या फोटोचा रंग उडाला, म्हणून तो उतरवला तेव्हापासून. "तुझा लावू, पण मला पटला तर," हे त्यांचंच वाक्य. आज म्हणतात, "सूर्य काय मधोमध, शिक्का मारल्यासारखा? आणि हा विजेचा खांब कोणाचा पाहुणा?"

बारा वर्षं काउंटर सांभाळतेय. एकदा गिऱ्हाइकासमोर मला "पासपोर्ट फोटोवाली" म्हणाले होते. विसरलेली नाही.

५ मार्च

खांब कापला. सूर्य एका बाजूला गेला, नावेला ऐसपैस जागा मिळाली. फोटो सुधारला – चरफडत का होईना, कबूल करते.

"रंग उतरव. आकाश आहे की सरबत?"

उतरवला. नावेवरचा अंधार जरा उजळला, तर दोरीसुद्धा दिसायला लागली. छान दिसते दोरी!

६ मार्च

"क्षितिज वाकडं आहे."

एवढंच. चष्मा पुसला आणि अण्णा निघाले.

७ मार्च

वाकडं नाहीये! कॉम्प्युटरवर रेघ टाकून पाहिली, प्रिंटवर पट्टी ठेवली. केसाचाही फरक नाही. पट्टीसकट त्यांच्यापुढे नेलं. तर म्हणे, "पट्टीच वाकडी आहे तुझी."

काय करावं या माणसाला! नवरा म्हणतो, "म्हातारपण आहे, सोडून दे." सोडून दे म्हणायला याचं काय जातं?

१० मार्च

पुन्हा तलावावर गेले. ट्रायपॉड नीट सपाट लावून नवा फोटो काढला. नाव होती, खांब नव्हता, ढग तर मागवून आणल्यासारखे. माझ्या जन्मातला सगळ्यात चांगला फोटो आहे हा. कोणी काहीही म्हणो.

"सूर्याखाली खळगा पडलाय. पाण्याला खळगा पडतो का कधी?"

माझा तोल गेला. "अण्णा, खिळा द्यायचाच नसेल तर तसं सांगा ना!" चांगली मोठ्यांदा ओरडले. गिऱ्हाईक उभं होतं. अण्णा चष्मा पुसत बसले.

१२ मार्च

अबोला. बरं आहे, डोक्याला शांतता.

संध्याकाळी सुताराची हजेरी घेतली त्यांनी. कपाटाचं नवं दार म्हणे मधेच वाकलंय! तो बिचारा गुण्याची सरळ पट्टी लावून दाखवतोय, आणि दार तर सरळसोट. "वहिनी, रोज असंच असतं का?" मी म्हटलं, सवय करून घ्या. हसलेसुद्धा.

मग हसू थांबलं. दार काही मी केलेलं नाही. दारावर अण्णांचा काय राग?

१३ मार्च

चौकटीची वही त्यांच्यापुढे धरली, आधी उजवा, मग डावा डोळा झाकायला लावला. रेघा कशा दिसतात?

वहीवरून बोट फिरवलं त्यांनी. मग म्हणाले, "मधल्या वाकतात गं." आणि हळूच, "मला वाटलं, चष्म्याचं असेल. फोटोवाल्याचे डोळे गेले, तर मागे राहतंय काय?"

मला रडू आलं. स्वतःचा रागही आला.

१४ मार्च

अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज. इंजेक्शनं घ्यायची. आणखी बिघडू नये म्हणून. होतं तसं पूर्ण दिसेलच, असं डॉक्टर काही म्हणाले नाहीत.

"कधीपासून होतंय?" डॉक्टरांनी विचारलं. अण्णांना आठवेना. मला आठवलं. सहा तारीख. इथे लिहून ठेवलंय ना मीच. आणि पुढचा आठवडा भांडत बसले!

१७ मार्च

दहा तारखेचा फोटो उघडून अण्णांना कॉम्प्युटरपुढे बसवलं. ते सूर्याकडे बघत राहिले, मी त्याखालचं क्षितिज वर उचलत गेले. थोडं, अजून थोडं. "थांब! आता सरळ झालं. छाप आणि लाव खिळ्यावर."

लावला. पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, क्षितिज वाकडं आहे."

म्हटलं, "नाही हो. सरळ आहे."