बायपासचा व्हॉल्व्ह

६ सप्टेंबर
शहराच्या पाणी शुद्धीकरण केंद्रावर दाब पुन्हा चढला! फिल्टरच्या पडद्यांवर गाळ घट्ट बसलाय, पाणी आरपार जाईना. केसाहून बारीक भोकं त्यांची — नदीचं गढूळ पाणी थेट सोडलं तर चोंदणारच. आधी तुरटी, मग वाळूची गाळणी, मग पडदे. अकरा दिवस तुरटीचा खडा नाही. ती पुरवायची ठेकेदाराने, पण त्याचं एकच — "पडदे ॲसिडनं धू की!" रोज धुतेय. किती सोलायचं पडद्यांना?

७ सप्टेंबर
निम्म्या शहराला पाणी नाही. नवऱ्याने सकाळी रिकामी बादली भिंतीवर भिरकावली. "लोक मला विचारतात, बायको तिथं करते काय!"

८ सप्टेंबर
ठेकेदार आला. म्हणे बायपास उघडा — पडदे टाळून नदीचं पाणी तसंच टाकीत. आमचे म्हातारे फिटरमामा व्हॉल्व्हपुढे उभे राहिले. "लेकरं पितात हो हे, साहेब." फाडकन कानाखाली! साठीच्या माणसाच्या! चष्मा उडून गटारात. मी चष्मा उचलला, पुसला. बस, तेवढंच केलं. लाज वाटते.

९ सप्टेंबर
अक्षर वाकडं येतंय.
ठेकेदाराने फाटकाबाहेर जाऊन लोकांना सांगितलं — "म्हाताऱ्याने तुमचं पाणी अडवलंय." दहा मिनिटांत फाटक आडवं. काचा, खुर्च्या, मीटर — सगळ्याचा चुरा. मामा व्हॉल्व्हला मिठी मारून बसलेले. त्यांना पायाला धरून ओढलं. लाथा, काठ्या, पाइपचे तुकडे. मी ओरडत होते, "त्यांनी नाही अडवलं! त्यांनी नाही!" कोण ऐकतंय?
त्यात नवरा होता. हातात सळई. मामांच्या डोक्यात दोनदा घातली. मग मी दिसले त्याला. मान खाली घातली — आणि तिसऱ्यांदा घातली.

१० सप्टेंबर
मामा दवाखान्यात, शुद्धीवर नाहीत. काल रक्त बघून लोक पांगले, व्हॉल्व्ह बंदच राहिला. मामी कॉटशेजारी त्यांचे पाय चोळत बसल्यात. मला म्हणाल्या, "तू जेवलीस का गं?" मी मामांचा दुसरा पाय चोळायला घेतला.
घरी नवरा — "मला काय माहीत! सगळेच मारत होते." वर चहा मागितला. मी कप त्याच्या पायाशी फोडला.

११ सप्टेंबर
ठेकेदार दोन धटिंगण घेऊन आला. "आता कोण अडवतंय बघू." व्हॉल्व्हच्या चाकाला हात घातला. मी मोठा पाना उचलला आणि त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज — ओली फांदी मोडावी तसा. गुराच्या आवाजात ओरडला. धटिंगण मागे सरले. मी म्हटलं, "दुसरा हात घाल!"
वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.
त्याच्या बोंबेने पालिकेचे मोठे साहेब एकदाचे आले. रिकामी तुरटीची टाकी बघितली. तिथूनच तुरटीसाठी फोन लावला.

१३ सप्टेंबर
तुरटी आली! पोती मीच उतरवली. गाळ खाली बसला, वाळू धुतली, पडदे धुतले. दाब उतरला. दुपारी नळांना पाणी — स्वच्छ! फाटकापाशी लोक टाळ्या वाजवत होते. तेच लोक. मी आत जाऊन दार लावून घेतलं.

१४ सप्टेंबर
मामा सकाळी गेले. दुपारी हवालदार घरी — "गर्दीतलं कुणी ओळखलं का, बाई?" नवरा मागेच उभा. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.
मी मागे वळून बोट दाखवलं.