साहेबाच्या वहीतली खूण

१२ मार्च १९७३

दोन महिने इथे एक ओळही लिहिली नाही, चूकच झाली.

परदेशी मदतीतले बोअरिंगचे यंत्र आज वडूजहून आमच्या गावात आले. सोबत एक परदेशी साहेब; मी त्याचा दुभाषा. जागा ठरली देवळाच्या आवारात. साहेबाने विचारले, "हे पाणी सगळ्यांना भरता येईल?" सरपंच कानाशी पुटपुटले, "न्हाई म्हणू नका मास्तर, यंत्र माघारी जाईल." मी 'होय' म्हणालो. साहेबाने वहीत पेन्सिलीने खूण केली.

बौद्धवस्तीतल्या सखूबाई मागून म्हणाल्या, "आवं मास्तर, तिथं आमाला कवा जाऊ दिलंय?"

पाहुण्यापुढे गाव उघडे पडू नये म्हणून बोललो, की पाणी जाईल म्हणून? खरे सांगितले आणि यंत्र गेलेच तर? ती खूण डोळ्यांपुढून हलत नाही.

उद्या: खोदाईआधी साहेबाला गाठून ती खूण खोडायला सांगणे.