सहा फुटांवरून दोन फुटांवर

२ फेब्रुवारी, सकाळी ९

निर्णय झाला. खाऱ्या पाण्याची सहा फुटी टाकी बंद. मासे, प्रवाळ, दगड, जे काय मावेल ते दोन फुटी टाकीत शिफ्ट. चार दिवसांचं काम. वरठीच्या प्लांटात तीस वर्षं मेंटेनन्स केलं, हे तर खेळणं आहे.

कारण मनाली. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माह्याकडे. मार्चची तारीख आहे. काल फोनवर म्हणाली, बाबा, त्या आतल्या खोलीत मले आता गमत नाही. बरोबर आहे पोरीचं. टाकी त्याच खोलीत. पंप, पाणी थंड ठेवणारा चिलर, दिवसभर घूं-घूं. अशात कोणाले गमन, कोणाचं मन रमन? आवाज गेला की काम फत्ते.

तिच्या आईशी याचा काही संबंध नाही. विमलले जाऊन तेरा महिने झाले. मी त्यातून पूर्ण बाहेर आहे.

५ फेब्रुवारी

काम सुरू नाही. अगोदर निरीक्षण. समुद्राच्या जिवांले घाई चालत नाही.

नोंद: ते दोन नारिंगी मासे बरोबर दहा वाजता डाव्या कोपऱ्यात येतात. आजारपणात विमल त्याच खोलीतल्या खाटेवरून उठून तिथंच बसे, चिमटीनं खाऊ टाके. मी टाकला तरी खातात. पण मले पाहत नाहीत. माह्या खांद्यामागं पाहतात.

मागं वळून पाहिलं. कोणी नाही. रिफ्रॅक्शन. फिजिक्स आहे सगळं.

९ फेब्रुवारी

काच घासली. डाव्या कोपऱ्यात चार बोटांचे ठसे आहेत, मिठाचे. तेवढे सोडून बाकी चकाचक. तिथं घासलं तर ओरखडा पडते.

साळी सुशीलाबाई, विमलची बहीण, आल्या होत्या. म्हणाल्या, भाऊजी, पोरगी येणार अन् विमलची खाट अजून तशीच? गादीसुद्धा काढली नाही? म्हटलं, खाट प्लॅनमध्ये नाही, टाकी प्लॅनमध्ये आहे. डोळ्याले पदर लावून निघून गेल्या. टेक्निकल गोष्टी सगळ्यांले समजत नाहीत.

१६ फेब्रुवारी

चार दिवसांचं शेड्यूल थोडं सरकलं. आज अर्धं पाणी काढलं, अडीचशे लिटर. परसात सोडून दिलं. झकास काम.

१८ फेब्रुवारी

शेजारचा कवडू भांडायले आला. त्याचा सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वाफा वाळला, वांग्यांनी माना टाकल्या. काका, काय सोडलं होतं तुमी, मीठ? म्हटलं, समुद्र.  त्यानं आवाज खाली आणला, म्हणाला, काका, जेवले काय? लोकांले एका विषयावर टिकताच येत नाही.

२३ फेब्रुवारी

नागपूरचे दुकानवाले भुपेंद्र येऊन प्रवाळ आणि मोठे मासे घेऊन गेले. जाताना बजावलं, जुनी रेती अजिबात घालू नका, ढवळली की तिच्यातलं विष पाण्यात उतरते.

जुनीच घातली. विमलनं अंगणात बसून, परातीत, सात पाण्यांनी धुतली होती ती. तिनं धुतलेली रेती विषारी कशी होईन? दुकानवाल्यांले नवी विकायची असते.

नारिंगी जोडी दोन फुटीत सोडली. खुश दिसते.

२५ फेब्रुवारी, सकाळी १०

एक मासा आडवा पडला. दुसरा वरती येऊन तोंड उघडझाक करून राहिला. कोपऱ्यात कोणीच गेलं नाही.

दुपारी १

दुसराही गेला. किरकोळ तांत्रिक अडचण.

दोन्ही टाक्या रिकाम्या केल्या, पंप काढले. खोली एकदम चूप. म्हणजे टार्गेट पूर्णच झालं. इतकी चूप की मी स्वयंपाकघरात असताना खोकला ऐकू आला. विमल खोकलायची तसाच, दोनदा, मधी थांबून. पाइपातली हवा असन. पाइप काढून टाकलेत, पण हवा तर कुठंही असते.

पाहायले गेलो नाही. भीती वाटत होती, हे लिहून ठेवतो. खोकला ऐकू आला याची नाही. आत गेलो अन् थांबला तर, याची.

१ मार्च

मनालीले फोन लावला. सांगितलं, टाकी गेली, आवाज गेला, ये आता बिनधास्त.  ती रडाले लागली. बाबा, टाकीचं कोण बोललं होतं? आई नाही म्हणून गमत नव्हतं मले. ते मासे होते म्हणून तर यायचं ठरवलं होतं.

बाळंतपण आता सासरीच. तिच्या सासूनं तयारीही करून ठेवली.

नेटवर्क खराब होतं. नीट ऐकू आलं नाही.

१९ मार्च, सकाळी ११

नात झाली. जावई अश्वजितचा फोन होता. दोघी सुखरूप. पोरगी आजीवर, विमलवर गेली म्हणे, अगदी नाकासकट. मनाली सारखी विचारते, बाबा कधी येतात.

मी म्हटलं, कसं येऊ? टाकीले रोज पाहावं लागते.

 तो म्हणाला, बरं, बाबा.