जुलै जगभर जुलैच

२८ जून १९८८, दुपारी सव्वातीन. पत्रकांचे गठ्ठे बांधत होतो, ते तसेच टाकून लिहितो आहे.

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

सफरचंदाच्या झाडांना कात्री लावू नका. आमच्या कृषी कार्यालयाच्या पत्रकात जुलैत छाटणी करा असे छापले आहे, ते चूक आहे. पत्रक परदेशी पुस्तिकेवरून केलेले. ती मूळ पुस्तिका आज प्रथमच हाती आली. जुलैच्या चित्रात झाडांवर एक पान नाही आणि माणसे लोकरी टोप्या घालून! त्यांच्याकडे तेव्हा हिवाळा असतो. आपल्याकडे पहाडात फांद्या फळांनी वाकलेल्या.

साहेबांना दाखवले. ते म्हणाले, परदेशी पाहुणे वीस तारखेला येणार, पाच हजार प्रती छापून झाल्या आणि जुलै जगभर जुलैच असतो. वर मलाच ऐकवले, की जरा दृष्टी जागतिक ठेव. डोके आपटून घ्यावेसे वाटले.

दाजींना नमस्कार. लोभ असावा आणि कात्री खुंटीला असावी.

तुझा धाकटा भाऊ

३ जुलै

चि. पंतोजीस अ. उ. आ.

तुझे पत्र आज आले. कात्री काल चालली. वीसपैकी चौदा झाडे. झाडावर फळे आहेत, हे मी दहादा म्हटले. पण ह्यांचे एकच, की तुझ्या भावाने तपासलेले पत्रक आहे, त्यात काना-मात्रासुद्धा चुकायची नाही. आता बांधावर हिरव्या फळांचा ढीग आहे आणि हे त्याच्याकडे पाठ करून बसतात.

शेजारची सात घरे पंधरा तारखेला छाटणार. छाटल्याशिवाय कार्यालयाकडून फवारणीचा पंप फुकट मिळत नाही ना! मी अडवले, तर विचारतात, कार्यालय खोटे आणि तू खरी? तुझे नाव सांगावे तर तुझी नोकरी जाईल, न सांगावे तर त्यांची फळे. काय करू, ते लगेच कळव. रागावले आहे, तरी वेळेवर जेवत जा.

तुझी ताई

८ जुलै, सकाळी सात. कार्यालयाच्या पायरीवर, कुलूप उघडण्याची वाट पाहत.

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

माझे नाव सांग. हे पत्रच वाचून दाखव. छाटणी पाने गळल्यावर, हिवाळ्यात. मी अक्षरे तपासली, अर्थ तपासला नाही.

जिथे जिथे पत्रके गेली, त्या साठ गावांना मी कार्डे टाकली. साहेबांना कळले. मला कायम करण्याचा कागद त्यांनी सही न करता खणात सारला. पाहुणे येतील त्या दिवशी मी घरीच थांबायचे आहे.

लोभ धर म्हणायला तोंड नाही. तरी धर.

तुझा भाऊ

खर्च: साठ कार्डे, पदरचे पैसे.
देणे: चौदा झाडांची फळे, दाजींना.
शिल्लक: सहा झाडे.