रेशमी दोरा आणि परदेशी पट्टी

१८ फेब्रु. १९७९
फर्स्ट शिफ्ट करून सातपूरच्या कंपनीतून थेट बँडच्या तालमीला. दौलतमास्तरांनी सगळ्यांदेखत सांगितलं, चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत पुढचा सॅक्सोफोन विलास वाजवील. विलास म्हणजे त्यांचा जावई, बँडमध्ये येऊन दोन वर्षं झाली. मी सोळा वर्षं पुढं वाजवतोय. कारण काय, तर त्यानं मुंबईहून परदेशी पट्टी आणलीय. वेताची रीड माउथपीसवर आवळून धरायची दोन स्क्रूंची पट्टी, बस. "किसन, आवाज त्या पट्टीत असतो," म्हणे. मग मी काय नुसता फुंकणारा?

२५ फेब्रु.
सटाण्याला लग्न. ऐन वरातीत माझ्या पट्टीचा स्क्रू गेला. सुतळीनं रीड बांधली अन् वाजवलं. कुणाला पत्ता नाही. नवरदेवाच्या मामानं तेच गाणं परत मागितलं. मास्तरांना सांगितलं तर म्हणतात, "वरातीतल्या लोकांना काय कळतंय?" सोळा वर्षं त्यांच्यासाठीच वाजवतोय की आपण.

४ मार्च
सुमनचा भाऊ येवल्याहून आला. त्याच्याकडनं पैठणीच्या मागावरचा रेशमी दोरा मागून घेतला. बारा वेढे, घट्ट. सुतळीपेक्षा लाख पटीनं बरा. सुमन म्हणाली, "अहो, नवी पट्टी आणा की सरळ." आणणार नाही. आता तर नाहीच.

११ मार्च
आज दाखवून दिलं. मास्तरांना भिंतीकडं तोंड करून बसवलं. वाजवणारा मीच, माउथपीस तोच, रीड तीच. एकदा विलासची पट्टी, एकदा दोरा. मास्तर ठामपणे म्हणाले, "दुसऱ्यांदा वाजली ती परदेशी. काय गोल आवाज आहे." दुसऱ्यांदा दोरा होता. ढोलवाले खो खो हसले. मास्तर पाणी प्यायले आणि म्हणाले, "तरी पुढं विलासच."

म्हणजे पट्टीचा प्रश्न कधी नव्हताच. आपला तो बाब्या. सरळ तोंडावर सांगितलं असतं तर एवढं लागलं नसतं. वाजवायला त्यांनीच शिकवलं मला.

१२ मार्च
एक गोष्ट तिथं बोललो नाही. परदेशी पट्टीवर खालचे सूर ओठ न दाबता सहज निघाले. ऐकणाऱ्याला नसेल कळत, ओठाला कळतं. दोऱ्यावर तेच सूर मी जीव खाऊन काढले, म्हणून गोल वाटले असतील. मिरवलं मात्र जिंकल्यासारखं. सुमनला सांगितलं. "मग तसं म्हणाला का नाहीत?" कुणी विचारलं नाही, म्हटलं.

१३ एप्रिल
संध्याकाळी विलास घरी. चहा नको म्हणाला. पट्टी टेबलावर ठेवली. "किसनदादा, उद्या तुम्ही ही लावा. त्या दिवशी ही लावल्यावर तुमचा चेहरा बघितला मी." मी पट्टी हातात घेऊन बघितली. "मला पुढं उभं राहायची भीती वाटते. मामा सासरे पडले, त्यांना नाही म्हणता येत नाही. तुमचा तो दोरा द्या मला, त्याच्यावर काय आवाज निघाला होता."

दोऱ्यात काही नाही बाबा, एवढंच सांगायचं होतं. मी म्हटलं, शोधावा लागेल, कुठं ठेवला आठवत नाही. दोरा माझ्या खिशात होता. तो "बरं" म्हणून गेला, पट्टी मात्र इथंच ठेवून. आता उद्या कशावर वाजवणार तो? सकाळी आठला जमायचंय. त्याचं घर पाच मिनिटांवर. सुमन दोनदा म्हणाली, जाऊन या. अजून बसलोय.